समंदरातला समंदर

दिघीहून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट सुटायला अवकाश होता, म्हणून जेट्टीवर उर्दू शब्दकोश चाळत बसलो होतो. ‘समंदर’ या शब्दावर बोट थांबलं. अर्थ समुद्र, तो तर पायाशीच होता. पण शेजारी त्याच अक्षरांची दुसरी नोंद होती: आगीत राहणारा एक प्राणी. पाणी आणि आग एकाच शब्दात! त्या नादात बोट चुकली.

हा दुसरा समंदर म्हणजे इंग्रजांचा सॅलमँडर. त्याची युरोपातली कीर्ती एका दमात सांगून टाकतो. कुजक्या ओंडक्यात राहणारा हा काळा-पिवळा उभयचर. ओंडका चुलीत गेला की जीव वाचवायला बाहेर पळतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ज्वाळेतूनच जन्मला. रोमन लेखक प्लिनीने लिहिलं, तो इतका थंड की आग विझवतो. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजाने त्याला राजचिन्ह केलं, किमयागार पॅरासेल्ससने अग्नितत्त्वाचा जीव ठरवलं, आणि आज बड्या हॉटेलांत पदार्थ वरून खरपूस करणाऱ्या भट्टीला त्याचं नाव आहे. आपल्याकडे तो नाही. त्याचा भारतातला भाऊबंद दार्जिलिंग-सिक्कीमकडे. कोकणात फार तर बिनपायांचं देवगांडूळ.

मला अडकवलं ते नावाने. ग्रीकमध्ये सालामांद्रा, फारसीत समंदर, अरबीत समंदल. फारसीवाले फोड करतात: ‘साम’ म्हणजे आग, ‘अंदरून’ म्हणजे आत. गोंडस आहे, पण शब्द इतका सुबक फुटला की मी सावध होतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल हे नाव वापरतो. माझा कौल असा की ते ग्रीकांकडून पूर्वेला आलं, वाटेत ‘ल’ गळला, आणि आगीचा अर्थ मागाहून चिकटवला गेला. अरबीत शेवटच्या ‘र’चा ‘ल’ झाला, यात नवल कसलं? आपण हरिद्रेची हळद केली, दरिद्रीचा दळिद्री केला. आणि अर्थ मागाहून कसा चिकटतो, ते समोरच्या जंजिरा किल्ल्याच्या नावातच बघा ना. मूळ अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट. त्यात अनुस्वार शिरला आणि ऐकणाऱ्याला उगाच साखळीची जंजीर आठवू लागली. समंदर या नावाचा उलटा प्रवास, म्हणजे फारसीतून ग्रीकमध्ये, मानणारेही आहेत. त्यांनी तो जादाचा ‘ल’ कुठून आणला ते सांगावं.

अरबी लेखकांत हा प्राणी कधी पक्षीही होतो. त्याच्यापासून केलेलं कापड मळलं की धुवायचं नाही, आगीत टाकायचं. स्वच्छ होऊन निघतं. ही थाप नव्हती. ते कापड ॲस्बेस्टॉसचं होतं. तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगून टाकलं की सॅलमँडर हा प्राणीबिणी काही नाही, डोंगरातून खणून काढायचा पदार्थ आहे. कोकणातल्या घरांवरचे जुने सिमेंटचे पत्रे आठवा. त्यांतला तंतू तोच. म्हणजे समंदर आमच्या छपरावर येऊन बसला, आणि आम्ही त्याला पत्रा म्हणालो!

आता पहिला समंदर. तो सरळ संस्कृत समुद्राचा वंशज. दोन्हींचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग, असं जाणकार म्हणतील, आणि व्युत्पत्तीपुरतं ते मान्य. पण आपल्या समुद्राच्या पोटात आग आधीपासूनच होती. और्व ऋषीचा क्रोधाग्नी समुद्रात टाकला गेला, तो घोडीच्या तोंडाने पाणी पीत राहिला, तोच वडवानल. ज्या देशात ही कथा घरोघर, तिथे आगीतल्या समंदराला पाण्यातल्या समंदराशेजारी नांदायला अडचण कसली? श्लेषाच्या शौकिनांना तर आयतीच मेजवानी. माझा पुरावा म्हणाल तर शब्दकोशातल्या त्या दोन शेजारणी, एवढाच. तरी सिद्धान्त मी सोडणार नाही.

कारण ती आग दिसते. रायगडच्या किनाऱ्यावर थंडीत एखाद्या रात्री लाट फुटताना निळी पेटते. नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव पाणी ढवळलं की चमकतात. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा जुन्या जंजिरा संस्थानाचा मुलूख. इथे कोळी, कोकणी मुसलमान, आगरी अशा कितीतरी घरांनी ही चमक पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. तुमच्या घरात आजी-आजोबा, नाना-नानी तिला काय म्हणत, तो शब्द मला कळवा.