वखर, वाफा आणि गांवची भट्टी

अकोल्याहून दक्षिणेस निघालेला प्रवासी पातूरचा घाट चढून वर आला म्हणजे वऱ्हाडचें दुसरें रूप त्याच्या दृष्टीस पडतें. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळी जमीन खोल, परंतु पुष्कळ विहिरींचें पाणी खारें. वर वाशीमच्या पठारावर मातीचा थर ठिकठिकाणीं उथळ, पण पाणी गोडें. पहिल्या भागास पाईनघाट आणि दुसऱ्यास बालाघाट हीं जुनीं नांवें आहेत. बालाघाटच्या कुणब्यानें कोरडवाहू शेत राखलें आणि माळ्यानें विहिरीभोवती मळा केला, त्याचें कारण मुख्यतः हेंच.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चवथ्या शतकांत येथें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवि होता, आणि गाथासप्तशतींतील कांहीं गाथा टीकाकारांनीं त्याच्या नांवावर दिल्या आहेत. त्याच संग्रहांत नांगऱ्या, म्हणजे 'हालिक', वारंवार भेटतो. वाकाटकांचे ताम्रपट आज ग्रंथांत छापलेले वाचावयास मिळतात. हालिकाचें अवजार मात्र कोणीं जपून ठेवलेलें नाहीं. लांकूड कुजतें, आणि झिजलेलें लोखंड भट्टींत जाऊन दुसरेंच कांहीं होऊन बाहेर येतें. म्हणून अवजारांचा इतिहास शोधावयाचा तर तो वस्तूंपेक्षां त्यांच्या डागडुजींत शोधावा लागतो.

शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें शेती म्हटली कीं नांगर उभा राहतो. वऱ्हाडांत हा मान वस्तुतः वखराचा. बाभळीचें एक खोड, त्याला खालीं दोन लांकडी दाते, आणि त्या दात्यांना धरून आडवी बसविलेली दीड-दोन फूट लांबीची लोखंडी पास, एवढाच त्याचा संसार. काळी जमीन उन्हाळ्यांत आपोआप खोल भेगाळते. तिला दरवर्षी उलटीपालटी करण्याचें कारण पडत नाहीं. वखराची पास चार बोटें खालून फिरते, तण मुळाशीं कापते, भेगा बुजविते आणि वर भुसभुशीत मातीचें पांघरूण घालते. त्या पांघरुणाखालीं ओल टिकते. कुंदा किंवा हरळी माजली तरच जड नांगर बाहेर काढावयाचा, आणि तोही कित्येक वर्षांतून एकदां. याला कोणी आळस म्हटलें असेल. तो हिशेब होता.

मळ्याची तऱ्हा निराळी. जमीन उभी-आडवी वखरून, ढेकळें फोडून, कुजलेलें शेणखत मिसळल्यावर कुदळ-फावड्याचें काम सुरू होई. विहिरीपासून निघालेला दांड उंचावरून न्यावयाचा आणि त्याच्या दोहों अंगांस वाफे पाडावयाचे. वाफ्याचा आकार डोळ्याला बरा दिसावा म्हणून ठरत नसे, तो मोट ठरवी. मोटेचें पाणी थांबूनथांबून येतें; वाफा फार मोठा असला तर दूरच्या कोपऱ्याशीं पोंचण्यापूर्वींच तें तोंडाशीं मुरून जातें. आणि तळ सपाट नसेल तर एका बाजूची मिरची सडते व दुसऱ्या बाजूची सुकते. सगळ्यांत नाजूक गोष्ट वापशाची. ओल्याचिंब काळ्या मातींत कुदळ घातली तर तिच्या वाळून विटा होतात. अगदीं कोरडींत घातली तर हातच दुखतात. मूठभर माती दाबून पाहावी, आणि ती बोटांना न चिकटतां सुटली तर कामास लागावें, ही परीक्षा शहरांतील परसबागेंतही चालते.

परंतु वखर काय किंवा खुरपें काय, धार गेली कीं सगळी विद्या फुकट. बोथट पास तण कापीत नाहीं, नुसती फरपटते. एका बाजूनें अधिक झिजली तर वखर तिरपा ओढतो आणि बैलाच्या मानेवर भार येतो. यास्तव मृगापूर्वीं लोहाराच्या भात्यापुढें गर्दी होई. पास तापवावयाची, ठोकावयाची, धार काढावयाची. या सर्वांस 'शेवटणें' हा एक नेमका शब्द आहे. दाते व खोड सुताराकडे, मोट चांभाराकडे. या कामाचे पैसे दर खेपेस मोजीत नसत. सुगी झाली म्हणजे खळ्यावर धान्याचें ठराविक बलुतें मिळे, मग वर्षांत पास दोनदां शेवटलेली असो वा दहादां. एक बारीक गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्याला दर दुरुस्तीमागें पैसा मिळतो त्याला अवजार मोडलेलें परवडतें. ज्याला सालाचें बलुतें मिळतें त्याला तें टिकलेलें हवें असतें. ही व्यवस्था निर्दोष होती असें नव्हे. तिच्यांत जातीचें बंधन होतें, आणि १८९९-१९०० सारख्या दुष्काळांत खळेंच रिकामें राहिलें म्हणजे बलुतेदार कुणब्याइतकाच उपाशी राही.

डॉ. व्होएल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञानें १८८९ पासून हिंदुस्थानांत हिंडून १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. देशी अवजारें एकंदरींत येथील परिस्थितीस जुळणारीं आहेत, असाच त्याचा अभिप्राय पडला. पुढें दहा वर्षांनीं, १९०३ च्या सुमारास, बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीति वाटे आणि आरंभीं ते नांगर तसेच पडून राहिले, ही कथा प्रसिद्धच आहे. ती ऐकून शिकलेलीं माणसें हंसतात. परंतु त्या भीतीच्या शेजारीं एक रास्त शंकाही उभी होती. घडीव लोखंड गांवच्या भट्टींत तापवून वाढवितां येतें. ओतीव बिडावर घण घातला तर तें तडकतें. म्हणजे अशा नांगराचा भाग मोडला तर लोहाराचा कांहीं उपाय चालावयाचा नाहीं, सुटा भाग दुकानांतून विकत आणावयाचा. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, नांगराचा प्रसार झाला, हरळी-कुंदा त्यानें उखडला; हें श्रेय त्याचें आहेच. मात्र भट्टीचें एक गिऱ्हाईकही त्यानें कमी केलें.

वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोल्यांत मिळविला गेला व १९९८ सालीं पुन्हां वेगळा झाला. आतां तेथील मुख्य पीक सोयाबीन, आणि मशागत पुष्कळशी ट्रॅक्टरनें होते. तरी पीक वीतभर झालें कीं ओळींमधून बैलांचा डवरा फिरतांना अद्याप दिसतो, कारण तेवढ्या जागेंत मोठें यंत्र शिरत नाहीं. डवरा म्हणजे वखराचेंच धाकटें भावंड. त्याची पास आतां पुष्कळदां जुन्या मालमोटारीच्या कमानपाट्यांच्या पोलादाची असते, आणि ती शेवटण्याची मजुरी नगाप्रमाणें रोख द्यावी लागते.