मागच्या चाकातला आवाज

आजारी माणूस निदान कुठे दुखते ते सांगतो. यंत्र तेवढेही सांगत नाही, ते फक्त आवाज करते. त्या आवाजावरून दोष कसा शोधायचा, या प्रश्नाला तीनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. मला त्याची ओळख झाली ती माझ्या जुन्या मोटारसायकलमुळे.

चाकणहून भोसरीकडे येताना एके दिवशी मागच्या बाजूने घरघर ऐकू येऊ लागली. वेग वाढवला की आवाज चढे, कमी केला की उतरे. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले, तर आवाज अजिबात नाही! पुढच्या आठवड्यात पत्नीला मागे बसवून कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचे होते. मी आधी चेन बदलली, मग ब्रेकचे लायनर बदलले. पैसे गेले, आवाज राहिला.

वास्तविक प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना सांगतो, की आधी निरीक्षण करा, मग अनुमान काढा. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी थेट अनुमानावर उडी मारली होती.

शरीर किंवा यंत्र न उघडता आत काय चालले आहे ते आवाजावरून कळू शकेल, ही कल्पना रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने मांडली होती. स्प्रिंगच्या नियमामुळे आपण त्याला ओळखतो. त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्याने घड्याळाचे उदाहरण दिले आहे. घड्याळाच्या आतली चाके, दाते, ठोके यांचे आवाज बाहेरून ऐकू येतात. मग इतर पदार्थांच्या अंतर्भागातील हालचालीही अशाच का कळू नयेत, असा त्याचा तर्क होता. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाला लावले. त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. गॅरेजमधला मिस्त्री लांब पान्याचे किंवा स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला टेकवून मूठ कानापाशी धरतो, तेव्हा तो हेच करत असतो. घन पदार्थातून आवाज चांगला वाहतो, हे आपण सातवी-आठवीत शिकवतोच.

शेवटी मी भोसरीतल्या एका ओळखीच्या फिटरकाकांकडे गेलो. एका कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत.

"आवाज कसा येतो ते नका सांगू, सर," ते म्हणाले. "चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा येतो, ते सांगा."

मी गप्प झालो. मोजायचे मला सुचलेच नव्हते.

काकांच्या प्रश्नामागचे गणित सोपे आहे. मागच्या चेनचक्रीला ४० दाते आणि चेनला १०० दुवे आहेत असे समजा. चाकाच्या एका फेऱ्यात चेनचे ४० दुवे पुढे सरकतात, म्हणजे संपूर्ण चेन एकदा फिरायला चाकाचे अडीच फेरे लागतात. एखादा दुवा अडकत असेल, तर मागच्या चक्रीवर त्याचा ठोका दर अडीच फेऱ्यांनी एकदा पडेल. ब्रेकचा ड्रम वाकडा असेल, तर ठोका दर फेऱ्याला एक. दोष इंजिनात असेल, तर क्लच दाबून इंजिन बंद केल्यावर आवाज थांबायला हवा. म्हणजे प्रत्येक भागाचा आपापला ताल असतो, आणि तो मोजला की संशयितांची यादी झपाट्याने लहान होते.

आता चाकातले बेअरिंग पाहू. गाडीच्या आसाभोवती गोळ्या बसवण्याचे पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ सालीच घेतले होते. पण एकसारख्या आकाराच्या, अचूक गोल गोळ्या करणे अवघड होते. १८६९ साली फ्रान्समध्ये ज्यूल सुरिरे याने सायकलसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये जर्मनीत फ्रिडरिश फिशर याने पोलादी गोळ्या घासून अचूक गोल करणारे यंत्र तयार केले आणि मग हा उद्योग फोफावला.

पुढची गोष्ट स्वीडनमधील गोथेनबर्गची. तिथल्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा तरुण अभियंता यंत्रांची देखभाल करत असे. गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन खचे, लांबलचक शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगे वारंवार मोडत. दोष बेअरिंगच्या पोलादात नसून वाकड्या झालेल्या रेषेत आहे, हे त्याने ओळखले. १९०७ साली त्याने शाफ्टच्या कलाशी स्वतःच जुळवून घेणारे बेअरिंग बनवले आणि त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी स्थापन झाली. या कंपनीच्या सहभागाने १९६१ मध्ये भारतात असोसिएटेड बेअरिंग कंपनी सुरू झाली आणि त्याच दशकात चिंचवडला तिचा कारखाना उभा राहिला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली होती. पुढे आकुर्डीला स्कूटर आणि १९९९ पासून चाकणला मोटारसायकली तयार होऊ लागल्या. गिरणीतल्या एका कटकटीतून निघालेली विद्या अशी आपल्या दारापर्यंत पोचली.

बेअरिंगचा ताल काय असेल? टेबलावर चार गोल पेन्सिली ठेवा, त्यांवर पुस्तक ठेवून ते ढकला. पुस्तक जितके सरकते, त्याच्या निम्म्याच पेन्सिली सरकतात. बेअरिंगमध्येही तसेच होते. मोटारसायकलच्या मागच्या चाकात आस व आतली कडी स्थिर असते, तर बाहेरची कडी चाकाबरोबर फिरते. आठ गोळ्या असतील, तर ढोबळमानाने चाकाच्या एका फेऱ्यात आतल्या कडीच्या एका बिंदूवरून चार गोळ्या जाव्यात. पण आतली कडी लहान आणि बाहेरची मोठी असल्याने वाटणी समान होत नाही. नेहमीच्या मापाच्या बेअरिंगमध्ये आतल्या कडीच्या एका बिंदूवरून सुमारे ५ आणि बाहेरच्या कडीच्या एका बिंदूवरून सुमारे ३ गोळ्या जातात. बेरीज मात्र आठच!

काकांनी चेन काढली, टायरवर खडूने खूण केली, मला सीटवर बसवले आणि दोन मुलांना गाडी हळूहळू ढकलायला सांगितली. स्वतः वाकून, आसाच्या नटाजवळ तळहात ठेवून ते बरोबर चालू लागले. खुणेचा एक फेरा झाला की किती ठोके लागले ते मोठ्याने म्हणत. "पाच. पाच. पुन्हा पाच."

आतली कडी!

मग स्टँडवर आवाज का येत नव्हता? रस्त्यावर गाडीचे वजन आसाला खाली दाबते, त्यामुळे आतल्या कडीचा खालचा भाग भार घेतो. आस फिरत नसल्याने कायम तोच भाग भार घेतो, आणि झिजतोही तोच. गाडी स्टँडवर लावली की चाक आसाला लटकते आणि भार कडीच्या वरच्या, शाबूत भागावर येतो. माझ्या तपासणीत खराब जागेवर भारच पडत नव्हता. दोष होता, पण तो बोलावा अशी परिस्थिती मी निर्माण केली नव्हती.

चाक उतरवल्यावर काकांनी आतल्या कडीत बोट घालून ती दाबून फिरवायला सांगितले. खरखर बोटाला स्पष्ट जाणवली. बेअरिंग कापून पाहिले, तर कडीच्या एकाच बाजूला खड्डे होते, ग्रीस धुपून गेले होते. पावसाळ्यात मी जोरदार फवाऱ्याने थेट आसापाशी पाणी मारत असे. चूक माझीच होती. तशीच गाडी घाटात नेली असती, तर बेअरिंग फुटून चाक डगमगायला लागले असते. मागे पत्नी बसलेली असताना!

१९६५ साली जेम्स कूली आणि जॉन ट्युकी या अमेरिकन संशोधकांनी एक गणिती पद्धत प्रसिद्ध केली. मिश्र आवाजातून वेगवेगळ्या वारंवारता संगणकाने झटपट वेगळ्या काढण्याची ही पद्धत आज कारखान्यांत बेअरिंगवर लावलेल्या कंपनमापकांमागे असते. तो संगणकही शेवटी काकांचाच प्रश्न विचारतो: एका फेऱ्यात किती वेळा?

वर्गात हा प्रयोग सायकलवर करता येईल. चेनच्या एका दुव्याला रंगीत दोरा बांधा, पेडल हाताने फिरवा आणि दोरा पुन्हा त्याच जागी येईपर्यंत पेडलचे किती फेरे झाले ते मोजा. मग चेनचे दुवे व पुढच्या चक्रीचे दाते मोजून भागाकार करा. उत्तर जुळले की मुलांना विचारा, "या चेनचा एक दुवा अडकत असेल, तर आवाज कधी कधी येईल?" सायकल उघडण्याआधी त्यांना उत्तर वहीत लिहू द्या.