न उठलेली बैठक

इंडियाना राज्यातलं कोलंबस हे गाव जेमतेम पन्नास हजार वस्तीचं, तरी तिथल्या किराणा दुकानात जाड्या पोह्यांची चौकशी मराठीत करणारं माणूस भेटू शकतं. याला कारण इंजिनं. कमिन्स कंपनी 1919 मध्ये या गावात निघाली, 1962 मध्ये किर्लोस्करांचा हात धरून पुण्यात आली, आणि तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा चालूच आहे. माझी आतेबहीण त्याच ये-जेत तिकडेच राहिली. तिचा मुलगा हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात आहे. म्हणजे संघात आहे आणि बहुतेक वेळ बाकावर आहे.

एका शुक्रवारी संध्याकाळी तिने मला त्याचा सामना बघायला नेलं. जिमखान्यात शिरताच पॉपकॉर्नचा खारट वास, लाकडी फरशीवर बुटांची किचकिच, आणि समोरच्या भिंतीवर शाळेच्या रंगातलं मोठं कापडी निशाण. त्यावर वर ‘कॉन्फरन्स चॅम्पियन्स’ आणि खाली पांढऱ्या कापडाचे कातरून शिवलेले आकडे, एकेका वर्षाचे. शेवटच्या आकड्याखाली बरीच जागा मोकळी ठेवलेली.

कॉन्फरन्स म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर चहा-बिस्किटं, फुकटचं फोल्डर आणि गळ्यात अडकवलेला नावाचा बिल्ला येतो. ती ‘जिंकतात’ कशी? भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मामा, कॉन्फरन्स म्हणजे आम्ही ज्यांच्याशी खेळतो त्या शाळा.” आणि बाकावर जाऊन बसला.

शब्दाचा माग काढत गेलं की आपण खरंच एका बैठकीत जाऊन पोचतो. 11 जानेवारी 1895, शिकागोचं पामर हाउस हॉटेल. मध्य-पश्चिमेतल्या सात विद्यापीठांचे अध्यक्ष तिथे जमले. बोलावणं धाडलं होतं परड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी. विषय होता फुटबॉल, त्यांचा, हातात धरून पळायचा. त्या काळी त्यात हाडं मोडत, आणि संघात भाड्याचे गडीही सर्रास असत: नाव विद्यार्थ्याचं, वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही. बैठकीत ठरलेल्या गोष्टींपैकी मुख्य ही, की मैदानात उतरणारा खरोखरचा, पूर्णवेळ विद्यार्थी हवा आणि तो अभ्यासात मागे पडलेला नको. पुढच्या वर्षी, 8 फेब्रुवारी 1896 ला, त्याच हॉटेलात प्राध्यापक-प्रतिनिधी पुन्हा बसले आणि कायमची व्यवस्था लावली. तिचं नाव सरकारी दप्तरात शोभेल असं होतं: आंतरमहाविद्यालयीन अध्यापक-प्रतिनिधींची कॉन्फरन्स. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोक ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ म्हणू लागले. बैठकीला बसणारे प्राध्यापक नावातून गळाले, त्यांचे संघ उरले, आणि बैठकीचं नाव त्या संघांच्या गोतावळ्याला कायमचं चिकटलं.

मराठी माणसाला हे नवल वाटू नये. आपली परिषदही ‘भोवती बसणं’ या धातूतूनच आली. परिषद भरते, परिषद उठते, आणि परिषद पुण्यात टिळक रस्त्यावर इमारत बांधून राहतेही. 1885 मध्ये मुंबईत गवालिया टँकजवळ ‘काँग्रेस भरली’. पुढे माणसं ‘काँग्रेसमध्ये गेली’. भरणारी गोष्ट आत शिरता येण्याजोगी कधी झाली ते सांगता येत नाही, पण झाली खरी.

वेस्टर्न कॉन्फरन्सच्या त्या मूळ घराण्याला पुढे ‘बिग टेन’ म्हणू लागले, कारण सदस्य दहा होते. आज ते अठरा आहेत आणि नाव दहाचंच आहे. इलिनॉयमधल्या हायस्कुलांची ‘वेस्टर्न बिग सिक्स’ आहे, तिच्यात शाळा आठ. बारा बलुतेदारांची मोजदाद करायला बसलेल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही.

विद्यापीठांकडून ही पद्धत हायस्कुलांनी उचलली, पण त्यांची गरज वेगळी होती. भाड्याच्या गड्यांपेक्षा त्यांना सतावणारा प्रश्न होता, शुक्रवारी कुणाशी खेळायचं?

आपल्याकडच्या शालेय स्पर्धा आठवा. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, सगळीकडे बाद पद्धत. महिनाभर पहाटे पाचला उठून सराव, एसटीने तालुक्याला, खो-खोचा एक सामना, हरलात, डबा खाऊन परत. वर्ष संपलं. मी स्वतः सातवीत असाच पाऊण तासात ‘राज्यपातळी’वरून घरी आलो होतो. इंडियानाच्या हायस्कूल क्रीडा संघटनेची स्थापना 1903 ची, आणि राज्याची बास्केटबॉल स्पर्धा 1911 पासूनची. तीही बाद पद्धतीचीच. पण ती हिवाळ्याच्या शेवटी. नोव्हेंबरपासून तोवरचे गोठलेले शुक्रवार कसे भरायचे? शाळेच्या क्रीडाशिक्षकाने गावोगावच्या शाळांना पत्रं लिहायची, कुणी हो म्हणायचं, कुणी ऐन वेळी जास्त गल्ला देणाऱ्या गावाकडे वळायचं.

यावर उपाय म्हणजे कॉन्फरन्स. आठ शाळांनी एकमेकींना शब्द द्यायचा की दरवर्षी प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं. प्रत्येकीला सात सामने पक्के, एकूण अठ्ठावीस. एक वर्ष तुमच्या गावात, पुढच्या वर्षी आमच्या. पंच कसे बोलवायचे, तिकिटाचे पैसे कसे वाटायचे, सगळं आधी ठरलेलं. सोयरीक जमवताना आपण जे बघतो तेच इथेही बघतात: अंतर आणि तोलामोल. रात्री सामना संपवून बस परत आली पाहिजे, सकाळी पोरांना झोपेतून उठता आलं पाहिजे. म्हणजे पंचक्रोशी हवी, फक्त क्रोश जरा अमेरिकन. आणि पटसंख्या जुळती हवी. बास्केटबॉलला पाच पोरं पुरतात, फुटबॉलला चाळीस लागतात. चारशे पटाच्या शाळेने दोन हजार पटाच्या शाळेपुढे ती कुठून आणायची? मला या सगळ्या व्यवस्थेतली आवडलेली गोष्ट ही, की ती हरणाऱ्यांच्या सोयीची आहे. पहिला सामना हरलात तरी पुढचा शुक्रवार तुमचाच.

अशीच एक म्हणजे इंडियानाची नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स, 1926 ची. यातली बरीचशी गावं एका नशिबाने बांधलेली होती. 1880 च्या दशकात या पट्ट्यात जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला, फुकटासारखं इंधन मिळालं, काचेचे कारखाने आले, मागोमाग मोटारींचे. मन्सी, अँडरसन, मॅरियन, कोकोमो ही त्या वायूवर वाढलेली गावं. वाबाश नदीकाठी लोगन्सपोर्ट आणि लफायेट. गंमत अशी की ज्या परड्यूच्या अध्यक्षांनी शिकागोची ती बैठक बोलावली, ते विद्यापीठ लफायेटसमोर नदीपलीकडेच आहे. पूल ओलांडला की बैठकीच्या माहेरून तिच्या नातीकडे पोचता येतं. रिचमंड मात्र पार ओहायोच्या हद्दीवर. नकाशा घेऊन बसलात तर ते ना उत्तरेला आहे ना मध्यात, पण एकदा पंगतीला बसलेल्याला नावावरून कोण उठवतं!

संघांची टोपणनावं बघा. रिचमंड हे क्वेकर लोकांनी वसवलेलं गाव, शांततावादी आणि धर्मभीरू. त्यांच्या शाळेचा संघ ‘रेड डेव्हिल्स’, लाल सैतान. फ्रँकफोर्टचा संघ ‘हॉट डॉग्ज’. जर्मन फ्रँकफुर्टच्या सॉसेजवरचा हा विनोद गावाने छातीवर मिरवला आणि राज्यस्पर्धा चार वेळा जिंकली. लोगन्सपोर्टच्या ‘बेरीज’चं मानचिन्ह म्हणजे मूकपटातलं काळं मांजर फेलिक्स. आणि मन्सीचे ‘बेअरकॅट्स’. लिंड दांपत्याने 1929 मध्ये ‘मिडलटाउन’ या नावाने एका सामान्य अमेरिकन गावाचा अभ्यास छापला. ते नाव बदललेलं गाव म्हणजे मन्सी, आणि त्या समाजशास्त्राच्या ग्रंथातही हायस्कूलच्या बास्केटबॉलला टाळून पुढे जाता आलेलं नाही.

शेजारी दर दोन वर्षांनी घरी येणार म्हटल्यावर बैठकीची खोली मोठी होतेच. एकाने जिमखाना बांधला की दुसऱ्याने त्याहून मोठा. मन्सीचं फील्डहाउस 1928 चं. न्यू कॅसलने 1959 मध्ये जमिनीत खड्डा खणून एवढं मोठं बांधलं की जगातलं सर्वांत मोठं शालेय फील्डहाउस अशी त्याची ख्याती झाली; दारातून आत गेलात की तुम्ही प्रेक्षागृहाच्या वरच्या काठावर उभे असता आणि मैदान खाली विहिरीच्या तळासारखं दिसतं. अँडरसनचा जुना ‘विगवॅम’ 1958 मध्ये जळाला, तर त्यांनी 1961 मध्ये नवा उभारला, 8,996 आसनांचा. शाळेच्या पोरांच्या सामन्याला! आपल्याकडे एवढं मोठं नाट्यगृह बांधायचं झालं तर दोन निवडणुका जातील.

जगाला मात्र ही कॉन्फरन्स ठाऊक झाली ती हरल्यामुळे. 20 मार्च 1954, राज्याचा अंतिम सामना. एकीकडे आधीच चारदा विजेतं ठरलेलं बलाढ्य मन्सी सेंट्रल, दुसरीकडे 161 विद्यार्थ्यांची मायलन गावची शाळा. शेवटच्या डावात मायलनच्या बॉबी प्लंपने चेंडू हातात धरून चार मिनिटं तेरा सेकंद काहीच केलं नाही. नुसता उभा. आणि संपता संपता बास्केट. 32-30. 1986 चा ‘हूझियर्स’ चित्रपट यावरूनच सुचला. चित्रपट मायलनच्या बाजूने बघितला जातो, ते बरोबरच आहे. पण त्या वर्षी स्पर्धेत 751 शाळा होत्या, आणि ‘लहानाने मोठ्याला लोळवलं’ या गोष्टीला लागणारा मोठा इतकी वर्षं तालीम करत याच पंगतीत तयार झाला होता.

पंगत म्हटली की बाहेर कोण बसलं हेही आलंच. राज्य संघटनेने 1942 पर्यंत कॅथलिक शाळांना आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांना दार बंद ठेवलं होतं. इंडियानापोलिसमध्ये 1927 मध्ये खास कृष्णवर्णीय मुलांना वेगळं काढण्यासाठी क्रिस्पस अटक्स हायस्कूल उघडलं. त्यांच्याशी खेळायला शेजारच्या शाळा तयार नसत. मग ते राज्यभर, कधी राज्याबाहेर, जो खेळेल त्याच्या गावी जात. ज्या बससाठी, ज्या शुक्रवारासाठी कॉन्फरन्सा जन्मल्या, ते दोन्ही या पोरांना एकेक करून मिळवावे लागले. 1955 मध्ये ऑस्कर रॉबर्टसन ज्यात खेळत होता त्या अटक्सच्या संघाने राज्य जिंकलं. सर्वांना खुली असलेली राज्यस्पर्धा जिंकणारी देशातली ही पहिली कृष्णवर्णीय शाळा. पुढच्या वर्षी त्यांनी एकही सामना न हरता पुन्हा जिंकलं. आता त्यांच्याशी खेळायला सगळेच तयार होते.

नंतरची कहाणी आपल्या गिरणगावासारखी आहे, लवकर सांगून टाकतो. 1959 च्या कायद्याने छोट्या शाळा एकमेकींत विलीन होऊ लागल्या. मायलनसारख्या शेकडो शाळांची नावं पुसली गेली. मग मोटारींचे कारखाने बंद पडत गेले. अँडरसनची वस्ती 1970 मध्ये सत्तर हजार होती, 2020 मध्ये पंचावन्न हजारही भरेना. तिथे एके काळी तीन सरकारी हायस्कुलं होती, 2010 पर्यंत एक उरलं. विगवॅमचं वीजबिल झेपेना म्हणून 2011 मध्ये त्याला कुलूप लागलं. 1997 नंतर राज्यस्पर्धाही पटसंख्येनुसार चार गटांत विभागली गेली, म्हणजे मायलन-मन्सी पुन्हा होणे नाही. कॉन्फरन्सच्या यादीतही आत-बाहेर होत राहिलं. फ्रँकफोर्ट पट पुरेना म्हणून कधीच बाहेर पडलं, न्यू कॅसल आपलं ते भव्य फील्डहाउस घेऊन दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं, आणि लफायेटच्या आसपासच्या वाढत्या वस्तीतली हॅरिसन आणि मॅककचन ही हायस्कुलं आत आली. अँडरसन, कोकोमो, लोगन्सपोर्ट, मॅरियन, मन्सी, रिचमंड, लफायेट जेफरसन ही जुनी मंडळी अजून एकाच ताटात आहेत. कारखाना गेला, वस्ती गेली, तरी जानेवारीत कोकोमोची बस येणार हे ठरलेलं आहे.

आमच्या त्या शुक्रवारी भाच्याचा संघ अठरा गुणांनी हरला. मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो, त्यामुळे मला जास्त लागलं. त्याला शेवटची तीन मिनिटं खेळायला मिळाली, त्यात त्याने एक चेंडू बाहेर घालवला. घरी येताना गाडीत काय बोलावं याची मी जुळवाजुळव करत होतो. घरी पोचल्यावर त्याने फ्रिज उघडून गार पिझ्झा काढला आणि उभ्यानेच खायला लागला. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं हंगामाचं वेळापत्रक होतं, पोस्टकार्डाएवढं. काही सामन्यांपुढे बारीक तारा छापलेला होता, काहींपुढे नव्हता. मी त्या ताऱ्यांकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“तारा असला की कॉन्फरन्सचा सामना,” तो तोंडात घास घेऊन म्हणाला. “आज तारा नव्हता, मामा.”