थाळनेरचा किल्ला

थाळनेरचा किल्ला : जळगाव-नशिराबादच्या वायव्येस, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर तीरावरील भग्न दुर्ग. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर व करवंद हे परगणे मलिक राजा फारुकी यास बहाल केल्यापासून हे ठाणे खानदेशच्या स्वतंत्र राज्याची पहिली गादी ठरले. १३९९ मध्ये मलिक राजा वारल्यावर धाकट्या मुलाकडे गेलेले हे स्थळ थोरल्या नासिरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या साह्याने हिरावून घेतले. पुढे मोगल व मराठे यांचा अंमल होऊन किल्ला होळकरांकडे आला.

एका अंगास नदी, उरलेल्या तिन्ही अंगांस खोल घळ, त्यांतून सुमारे ६० फूट उठलेला तट, आणि पूर्वेस वाकड्यातिकड्या वाटेने जोडलेले एकामागून एक पाच दरवाजे, अशी याची रचना होती. मंदसोरच्या तहाने किल्ला इंग्रजांस मिळाला असताही २७ फेब्रुवारी १८१८ रोजी किल्लेदार तुळशीराम मामा याने इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेवर तोफा डागल्या. नंतर तो स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून आत गेलेल्या मूठभर इंग्रजांची अरब शिबंदीशी बाचाबाची होऊन मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले, तेव्हा सुमारे ३०० शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास फाशी देण्यात आले. ही चकमक घडली तेव्हा किल्लेदार कैदेत होता, हे ध्यानात घेता त्या शिक्षेस न्याय म्हणणे कठीण. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटातही तिजवर टीका झाली.

तटाचा बराच भाग आज ढासळला आहे. गावाजवळ फारुकी राजांच्या कबरी असून त्यांतील अष्टकोनी कबरीचे कोरीवकाम प्रेक्षणीय आहे.