ज्वलन संश्लेषण

ज्वलन संश्लेषण : घटकद्रव्यांचे मिश्रण पेटवून, विक्रियेत बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरच ती विक्रिया शेवटपर्यंत चालू ठेवून धातू, कार्बाइडे, बोराइडे, नायट्राइडे व ऑक्साइडे यांची चूर्णे तयार करण्याची पद्धत. अशी चूर्णे दाबून त्यांना इष्ट आकार देतात आणि वितळबिंदूच्या खालील तापमानास तापवून त्यांचे कण एकमेकांस सांधतात. या क्रियेस तापपिंडन म्हणतात [⟶ चूर्ण धातुविज्ञान]. नेहमीच्या पद्धतींत चूर्ण बनविण्यासाठी मिश्रणास भट्टीत तासन्‌तास बाहेरून उष्णता द्यावी लागते. ज्वलन संश्लेषणात विक्रिया हीच भट्टी असते. परंतु भट्टी वाचली म्हणजे तापपिंडनास योग्य चूर्ण मिळालेच, असे होत नाही. त्यामुळे या पद्धतीचा इतिहास हा उष्णता निर्माण करण्यापेक्षा तिला आवर घालण्याच्या प्रयत्नांचाच अधिक आहे.

पूर्वपीठिका : ॲल्युमिनियम ही धातू इतर धातूंच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेऊ शकते, हे रशियन रसायनशास्त्रज्ञ न्यिकलाय ब्येकेतॉव्ह (१८२७–१९११) यांनी १८६५ मध्ये दाखविले होते. या क्षपणक्रियेत उष्णता फार मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. मिश्रण असलेले सगळे भांडे बाहेरून तापविल्यास विक्रिया सर्वत्र एकदम सुरू होऊन स्फोटासारखी होई. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्टश्मिट (१८६१–१९२३) यांनी ही अडचण दूर केली. मिश्रण थंडच ठेवून ते फक्त एका जागी पेटवावे, म्हणजे विक्रिया तेथून थराथराने पुढे सरकते, हे त्यांनी ओळखले व १८९५ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. कार्बनविरहित क्रोमियम व मँगॅनीज मिळविणे हा त्यांचा मूळ उद्देश होता. १८९९ मध्ये एसेन येथे ट्रामचे रूळ याच विक्रियेने जोडण्यात आले. आयर्न ऑक्साइड व ॲल्युमिनियम यांचे हे मिश्रण ‘थर्माइट’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि भारतीय रेल्वेतही रूळ जोडण्यासाठी ते वापरतात. मात्र येथे मिळणारी धातू वितळलेल्या स्थितीत असते, चूर्णरूपात नव्हे.

कठीण कार्बाइडांची गरज पुढे वाढली. कार्ल श्रोटर यांनी बर्लिन येथील ओसराम कंपनीत टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांच्या चूर्णांचे तापपिंडन केले (१९२३) आणि क्रुप कंपनीने १९२६ मध्ये ‘विडिया’ या नावाने ही हत्यारे बाजारात आणली. तेव्हापासून शुद्ध व बारीक कार्बाइड चूर्ण ही कर्तनहत्यारांच्या उद्योगाची नित्याची गरज झाली.

घन ज्वाला : मॉस्कोच्या ईशान्येस असलेल्या चेर्नोगोलोव्हका येथे सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या रासायनिक भौतिकी संस्थेची शाखा होती. तेथे ए. जी. मेर्झानॉव्ह (१९३१–२०१३) व त्यांचे सहकारी ज्वलनाच्या सिद्धांताचा अभ्यास करीत होते. जळताना वायू निर्माण होत असल्यास गणिते गुंतागुंतीची होतात, म्हणून वायू मुळीच निर्माण न करणारे मिश्रण त्यांना हवे होते. १९६७ मध्ये मेर्झानॉव्ह, आय. पी. बोरोव्हिन्स्काया व व्ही. एम. श्किरो यांनी टिटॅनियम व बोरॉन यांच्या चूर्णांच्या दाबलेल्या मिश्रणाचे ज्वलन अभ्यासले. तेजस्वी पट्टा मिश्रणातून सरकत गेला आणि मागे घन टिटॅनियम बोराइड राहिले. मूळ द्रव्ये घन व अंतिम द्रव्यही घन, म्हणून या आविष्कारास ‘घन ज्वाला’ म्हणू लागले. खुल्या वैज्ञानिक साहित्यात याविषयीचा निबंध १९७२ मध्ये आला. पुढे या पद्धतीस ‘स्वयंप्रसारी उच्च तापमान संश्लेषण’ हे नाव रूढ झाले आणि १९८७ मध्ये तिच्यासाठी चेर्नोगोलोव्हका येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

या ज्वालेचा वेग सेकंदास काही मिमी. पासून सु. १५ सेंमी. पर्यंत असतो. उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर टिटॅनियम व कार्बन यांच्या संयोगात तापमान सु. २,९००° से. पर्यंत चढते. मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांच्या संयोगात ते सु. १,६००° से. असते. हे तापमान सु. १,५००° से. पेक्षा कमी असल्यास ज्वाला सहसा स्वबळावर टिकत नाही, असा अनुभवसिद्ध नियम आहे. सोव्हिएट आर्मेनियातील किरोवाकान (आताचे व्हानाड्झोर) येथे या पद्धतीने बनविलेल्या मॉलिब्डेनम डायसिलिसाइडाचे विद्युत्‌ भट्ट्यांतील तापक होऊ लागले. भट्टी टाळणाऱ्या पद्धतीचा उपयोग अशा रीतीने भट्टीच्या निर्मितीसाठीच झाला.

तापपिंडनाची कसोटी : प्रखर उष्णतेने बाष्पनशील अशुद्ध द्रव्ये उडून जातात, हा फायदा आहे. परंतु त्याच उष्णतेने कण वाढतात व परस्परांस चिकटतात आणि हाती येते ती सच्छिद्र, कडक ढेप. ती दळावी लागते व दळताना चक्कीची झीज चूर्णात मिसळते. उलट तापपिंडनास बारीक, सुटे व शुद्ध कण हवे असतात, कारण कण जितके बारीक तितकी त्यांची सांधण्याची प्रवृत्ती अधिक.

यावर मुख्य उपाय म्हणजे विक्रियेत भाग न घेणारे द्रव्य मिश्रणात घालून तापमान उतरविणे. सिलिकॉन चूर्ण उच्च दाबाच्या नायट्रोजनात जाळताना त्यात आधीच तयार असलेले सिलिकॉन नायट्राइड मिसळतात. त्यामुळे तापमान आटोक्यात राहून तापपिंडनास पसंत केले जाणारे आल्फा रूप टिकविणे शक्य होते. धातुचूर्णासाठी टंगस्टन ऑक्साइडाचे मॅग्नेशियमाने क्षपण करतात. निर्माण होणारे मॅग्नेशियम ऑक्साइड टंगस्टनाच्या कणांना अलग ठेवते व नंतर ते विरल अम्लाने काढून टाकता येते. जपानमध्ये १९८४ च्या सुमारास टिटॅनियम बोराइडाच्या बाबतीत वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. ज्वलन चालू असतानाच प्रचंड दाब देऊन संश्लेषण व तापपिंडन एकाच वेळी साधण्यात आले.

विद्रावातील ज्वलन : ऑक्साइड चूर्णांसाठी भारतात निराळी पद्धत विकसित झाली. बंगलोर (आताचे बंगळुरू) येथील भारतीय विज्ञान संस्थेत जे. जे. किंग्जली व के. सी. पाटील यांनी ॲल्युमिनियम नायट्रेट व यूरिया यांचा विद्राव ५००° से. तापमानाच्या भट्टीत ठेवला. तो उकळला, फेसाळला व पेटला आणि सु. पाच मिनिटांत पांढरे, फुगीर आल्फा ॲल्युमिना मिळाले (१९८८). एरव्ही या रूपासाठी १,१००° से. पेक्षा अधिक तापमान लागते. नायट्रेट हे ऑक्सिडीकारक व यूरिया हे इंधन असून त्यांचे प्रमाण रॉकेटच्या घन इंधनांच्या रसायनशास्त्रातील हिशेबावरून ठरविले होते. ॲल्युमिनाच्या प्रत्येक रेणूमागे वायूंचे २३ रेणू निर्माण होतात. हे वायू उष्णता वाहून नेतात व कणांना विलग करतात. घन ज्वालेच्या अभ्यासकांनी जे वायू कटाक्षाने टाळले होते, तेच येथे उपकारक ठरले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात नायट्रेट व ग्लायसीन यांच्या ज्वलनाने सिरियम ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म चूर्ण बनवून त्याच्या तापपिंडनाचा अभ्यास करण्यात आला. इंधनाचे प्रमाण बदलल्यास चूर्णाचे गुणधर्मही बदलतात.

मूल्यमापन : ही पद्धत ऊर्जा वाचविते, हे विधान अर्धेच खरे आहे. ४८ ग्रॅ. टिटॅनियम व १२ ग्रॅ. कार्बन यांपासून ६० ग्रॅ. कार्बाइड मिळते व वाया काहीच जात नाही. परंतु टिटॅनियम धातू मिळविण्यासाठी मोठी ऊर्जा आधीच खर्ची पडलेली असते. विद्रावाच्या पद्धतीत सु. ७५० ग्रॅ. स्फटिकी नायट्रेट व ३०० ग्रॅ. यूरिया यांपासून केवळ १०२ ग्रॅ. ॲल्युमिना हाती येते. ज्वलन अपुरे राहिल्यास नायट्रोजनाची विषारी ऑक्साइडेही बाहेर पडतात. मोठ्या प्रमाणावर निर्मिती करताना ज्वालेवरील ताबा सुटण्याचा धोकाही वाढतो. म्हणून स्वस्त व भरपूर लागणाऱ्या चूर्णांसाठी जुन्या पद्धती टिकून आहेत. उच्चतापसह संयुगे आणि अनेक धातूंची एकजीव ऑक्साइडे यांच्या बाबतीत मात्र ज्वलन संश्लेषणाचे महत्त्व निर्विवाद आहे. त्याचे यश ज्वालेच्या तापमानावरून नव्हे, तर तापपिंडनानंतर वस्तू किती घन व अभंग राहते यावरून ठरते.