कुलवृत्तांतात नसलेला वारसा

आधी एक खुलासा करतो, नाहीतर घरी गेल्यावर कुणाची झोप उडायची. मेंदूतल्या बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात. आज बोलायचं आहे ते उरलेल्या थोड्या घराण्यांबद्दल.

१८८२ साली जर्मनीत रेकलिंगहाउझेन यांनी मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या विकाराचं वर्णन केलं. यात अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, काही मुलांत दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ होते. १९२६मध्ये स्वीडनच्या लिंडाऊ यांनी डोळ्यातल्या आणि लहान मेंदूतल्या गाठींचा धागा जुळवला. १९६९मध्ये ली आणि फ्रॉमेनी यांनी तर घराणीच तपासली. एकाच घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कुणाला मेंदूची गाठ! त्यामागचा टीपी५३ जनुकातला दोष १९९०मध्ये सापडला.

आपल्याकडे १९४१मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीची आठवण देणारं. त्यांनी आणि एल. डी. संघवींनी मुंबईतल्या, आपसातच लग्नं करणाऱ्या सहा समाजांच्या आनुवंशिक गुणांची नोंद १९४९-५०च्या सुमारास प्रसिद्ध केली. गाठींशी तिचा थेट संबंध नाही, पण वंश मोजून बघायची दृष्टी त्यात आहे. आज टाटांच्या खारघरच्या केंद्रात अशा घराण्यांना सल्ला मिळतो.

वंश मोजण्यात आपण कोकणातले काही मागे नाही. आपले कुलवृत्तांत आहेतच की! पण जुने उघडून बघा. मुलगी सासरी गेली की तिची रेघ संपली. आणि हे दोष तर मुलगा-मुलगी बघत नाहीत. आई किंवा वडील, ज्यांच्यात दोष असेल त्यांच्याकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला, असंही नाही. आत्याच्या घरचा मृत्यू मात्र आपल्या पोथीत नसतो.

रेकलिंगहाउझेनच्या विकारात सुमारे निम्म्या रोग्यांत तर दोष नव्यानंच उपजतो. मागे कुणालाच नसतो. तिथे पूर्वजांचा दोष म्हणून कौल लावायचा तो कुणाच्या नावानं?

लपवतात का, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीचं लग्न. पण लिंडाऊंच्या विकारात वेळच्या वेळी डोळे तपासले, एमआरआय केला, तर गाठ लहान असताना सापडते, नजर वाचू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आत्याला, मावशीला फोन करा. कोण गेलं, कितव्या वर्षी, गाठ कुठे होती, एवढंच विचारा. आणि लिहून घ्या.