पंगतीचें शिक्षण

आपल्याहून भिन्न जातीच्या, भिन्न धर्माच्या मनुष्याविषयीं आदर बाळगावा, हा उपदेश आमच्या शालेय पुस्तकांना नवा नाहीं. परंतु उपदेशानें जिभेला वळण लागतें. मनाला लागतेंच असें नाहीं. मनाला वळण लागण्यासाठीं काय करावें लागतें, या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत एकदां प्रत्यक्ष आचरणानें दिलें गेलें आहे. तें कोणा पंडिताच्या ग्रंथांत नाहीं. कोल्हापूर आणि सातारा येथील विद्यार्थिगृहांच्या इतिहासांत आहे.

इ. स. १८९६ मध्यें कोल्हापुरास राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीं सर्व जातींना खुलें असें वसतिगृह निघालें. पण कागदावर खुलें असणें निराळें आणि उंबऱ्यावर खुलें असणें निराळें. थोड्याच वर्षांत तेथें ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. तेव्हां शाहू महाराजांनीं दुसरा मार्ग धरला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच वर्षीं जैनांचें निघालें; १९०६ मध्यें मुसलमानांचें, १९०७ मध्यें लिंगायतांचें, १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क होस्टेल, आणि पुढें शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशीं आणखीहि.

जातवार वसतिगृहें काढून महाराजांनीं भेदच पक्का केला, असा आक्षेप घेणारे आहेत. त्यांनीं त्या काळच्या खेड्यांतील बापाचा विचार करावा. मुलाला शहरांत धाडतांना त्याच्यापुढें पहिला प्रश्न विद्येचा नसे. पोर राहील कोठें आणि जेवेल कोणाच्या हातचें, हा असे. त्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याखेरीज शाळेच्या घंटेचा त्याला उपयोग नव्हता. शिवाय ज्या महाराजांनीं राहण्याचीं घरें निराळीं होऊं दिलीं, त्यांनींच १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. बिऱ्हाड वेगळें, पण वर्ग एक, अशी ही पायरी होती.

तरीहि ती पायरीच होती. आणि तिची मर्यादा एका विद्यार्थ्याच्या चरित्रांत स्पष्ट दिसते. कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठीं कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगांत राहत. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून मगच पंगतीला बसावें, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांनीं तें साफ नाकारलें, आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. स्नान करावयास सांगणारे लोक अडाणी होते काय? मुळींच नाहीं, विद्येचें महत्त्व जाणणारींच ती माणसें होतीं. त्यांच्यापाशीं ज्ञान होतें. दुसऱ्याचा सहवास मात्र नव्हता.

या प्रसंगाचें उत्तर साताऱ्यांत मिळालें. भाऊरावांनीं १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढलें. याच साताऱ्याच्या सरकारी शाळेंत १९०० च्या सुमारास भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसत असे. चोवीस वर्षांनंतर त्याच गांवीं महार, मराठा, जैन, मुसलमान मुलें एका छपराखालीं राहूं लागलीं. स्वयंपाकाला नोकर नव्हते. मुलांनींच पीठ मळावें, मुलांनींच भाकऱ्या थापाव्या आणि सर्वांनीं एका पंगतीला बसावें, हा तेथील शिरस्ता. कर्मठ घरांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनीं, भाऊरावांच्या पत्नीनें, या मुलांना आपलें मानलें. कोठीतलें धान्य संपलें तेव्हां त्यांनीं अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रहि. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें या गृहाचें ‘श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस’ असें नामकरण झालें. एकत्र पंगतीच्या घराला जातवार वसतिगृहें काढणाऱ्या राजाचें नांव मिळालें, यांत विसंगति नाहीं. पायरी चढून गेलेल्यानें पायरीची आठवण ठेवली, इतकेंच.

या शिक्षणाचें मर्म कशांत होतें? ज्याच्या हातची भाकरी रोज खावी त्याला मनांतल्या मनांत हीन लेखणें फार दिवस साधत नाहीं. त्याची चूल विझली तर आपण उपाशी राहतों, आणि आपली पाळी चुकली तर तो उपाशी राहतो, हें ज्या मुलाला चौदाव्या वर्षीं कळलें, त्याला समतेवर निबंध लिहितांना शब्द शोधावे लागत नाहींत. आणि समता म्हणजे सर्वांना एकाच साच्यांत ओतणें नव्हे. मुसलमान मुलानें मुसलमान राहावें, जैन मुलानें जैन राहावें, आणि तरीहि एकानें दुसऱ्याचें ताट वाढावें, यांतच खरी परीक्षा आहे. भेद मिटवून मिळविलेली एकी सोपी. भेद ओळखून राखलेली एकी कठीण, पण तीच टिकाऊ.

१९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. शाळेचें दार आतां कोणाला बंद नाहीं. परंतु आम्ही सुशिक्षित आईबाप मुलासाठीं शाळा निवडतांना काय पाहतों? तेथें ‘आपल्यासारख्यांचीं’ मुलें आहेत ना, हें आधीं पाहतों. पूर्वीं हें काम जात करी. आतां तें पुष्कळदां शाळेची फी करते, आणि वसतिगृहांत नव्या मुलाचें आडनांव विचारण्याची खोडहि सुटलेली नाहीं. अशा मुलाला सहानुभूतीचा धडा पुस्तकांतून दिला तर तो पाठ करील आणि गुणहि मिळवील. पण त्याच्या शेजारीं निराळ्या घरचा मुलगा बसलाच नाहीं, तर तो धडा वापरणार कोठें? मुलाचें नांव घालतांना शाळेचा निकाल जरूर विचारावा. त्याबरोबर तेथें आपला मुलगा कोणाच्या शेजारीं बसून डबा खाईल, हेंहि विचारावें.